आधी मांड, मग नाच: गोव्यात समकालीन बॅले उभा करताना

पौषातल्या चांदण्या रात्री धालो, म्हणजे गोव्यातल्या बायकांचा विधी-नाच, सुरू होण्याआधी वाड्यावरच्या बायका मांड, म्हणजे त्या नाचाची पवित्र जागा, सारवतात. खडे वेचले जातात, शेणाचा हात फिरतो, दिवा लागतो आणि मगच पहिली ओळ म्हटली जाते. त्या मांडावर कुणी चपला घालून येत नाही. लहानपणी मला त्यातला नाचच तेवढा दिसायचा. पुढे फोंड्यात मुली गोळा करून स्वतः बॅले बसवू लागले तेव्हा सारवणाऱ्या हातांकडे लक्ष गेले. गोव्यात बॅले करू पाहणाऱ्या तरुण मुला-मुलींचे प्रश्न बहुतेक वेळा रचनेचे असतात, पण अडते ते जमिनीवर, पंचांगावर, दमटपणावर आणि माणसांच्या कामाच्या वेळांवर. म्हणून या लेखात रचनेइतकीच जागा मी त्या सारवणाला देणार आहे.

आधी शब्दाबद्दल. मराठीत कुठल्याही नृत्यनाटिकेला आपण सर्रास बॅले म्हणतो, आणि त्यामागे इतिहास आहे. नर्तक उदय शंकर १९२३ साली रशियन बॅले-नर्तकी अॅना पावलोव्हाबरोबर लंडनमध्ये नाचले आणि पुढे भारतात परतून त्यांनी अनेक शैलींतून स्वतःची नृत्यभाषा घडवली. त्यांच्याकडे शिकलेल्या शांती बर्धन यांनी १९५२ मध्ये मुंबईत लिट्ल बॅले ट्रूप काढला आणि माणसांना कळसूत्री बाहुल्यांसारखे नाचवून रामायण उभे केले. तो वारसा आपला आहे. समकालीन बॅले त्याहून थोडा वेगळा. त्यात युरोपातल्या बॅलेचे प्रशिक्षित शरीर असते, म्हणजे मांडीच्या सांध्यातून बाहेर वळलेले पाय, ताणलेला घोटा, लांब पाठ. मात्र तो नर्तक मुद्दाम तोल सोडतो, पाय समांतर ठेवतो, जमिनीवर लोळतो, पाठ गोल करतो. आणि गोष्ट सांगण्याची सक्ती त्याच्यावर नसते.

विषय: गोष्ट बाजूला ठेवा, क्रियापदे वेचा

पूर्ण लेखभर एकच उदाहरण घेते, म्हणजे बोलणे हवेत राहणार नाही. आम्ही कुर्डीवर चाळीस मिनिटांचा बॅले बसवला. सांगे तालुक्यातले हे गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. गायिका मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) ज्या कुर्डीच्या, तेच हे. गावकरी वाडे आणि वालकिणीला जाऊन राहिले. दरवर्षी उन्हाळ्यात पाणी ओसरले की जोती, पायऱ्या, सोमेश्वराचे देऊळ वर येते आणि मे महिन्यात विखुरलेली माणसे तिथे परत जमतात, देवाचा उत्सव करतात. पावसाळा लागला की गाव पुन्हा बुडते.

असा विषय हाती आला की पहिला मोह होतो तो कथा मांडण्याचा: सुखी गाव, धरणाची बातमी, रडारड, निरोप. तो मोह आवरा. चेहऱ्यावर दुःख आणून हात कपाळाला लावला की प्रेक्षकाला कळते खरे, पण ते तर त्याला तिकीट काढतानाच ठाऊक होते. शरीराला स्वतःचे असे काही सांगायचे असेल तर नामांपेक्षा क्रियापदे शोधा. वही घेऊन त्या जागेवर जा आणि निदान वीस क्रियापदे लिहून आणा. आमच्या यादीत होती: ओसरणे, रुतणे, उपसणे, भेगाळणे, चाचपणे, ओळख पटणे, मोजणे, परतणे, बुडणे, तरंगणे. गावाला आलेली एक आजी आपल्या पडक्या जोत्यावर उभी राहून पावलांनी खोल्या मोजत होती. चार पावले ओटा, सहा पावले माजघर, वळली, तीन पावले देवघर. भिंत एकही नव्हती, पण जिथे दार होते तिथूनच ती आत शिरली. तिने जोत्याची कड एकदाही कापली नाही. आमच्या बॅलेचा सगळा दुसरा भाग तेवढ्यातून निघाला.

लोकांच्या आयुष्यावर काम करत असाल तर तालीम सुरू होण्याआधी त्यांना भेटा, काय करणार ते सांगा. धालोचे किंवा जागराचे (गोव्यातल्या रात्रभराच्या विधीनाट्याचे) काही घ्यायचे असेल तर अधिक जपा. ते मांडावरचे विधी आहेत. तिथले गीत जसेच्या तसे उचलून रंगमंचावर आणू नये, असे माझे ठाम मत आहे. त्यातली चाल, श्वास, रांगेची रचना अभ्यासा आणि ते शिकवणाऱ्या बाईचे नाव पत्रिकेत तिच्या परवानगीने छापा.

माणसे आणि त्यांची शरीरे

गोव्यात पाच-सात वर्षे नेमाने बॅले शिकलेले नर्तक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच मिळतात. भरतनाट्यम, कथक शिकलेल्या मुली भरपूर, फुगडी-धालोत वाढलेल्या त्याहून जास्त, आणि अलीकडे हिपहॉप करणारी मुलेही. हा तुटवडा मानू नका, पण प्रत्येक शरीर कुठून आले आहे ते ओळखा. नाहीतर दुखापती होतात.

भरतनाट्यममधली मुलगी अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वाकवलेल्या अर्ध्या बैठकीत, बसते आणि बसलेली राहते. ती बैठक तिचे घर असते. बॅलेतला प्लिए मात्र जाण्या-येण्याची वाट आहे: गुडघे वाकतात ते उसळण्यासाठी किंवा उतरण्यासाठी. दोन्हीचा बाह्य आकार सारखा दिसत असल्याने त्या मुली उडी मारून उतरताना अरमंडीत थांबतात आणि धक्का गुडघ्यात अडकतो. त्यांना पहिले दोन महिने फक्त उतरणे शिकवले: बोटे, चवडा, टाच, आणि गुडघा थांबू न देता खाली. कथकवाल्या टाचेवर चक्कर घेतात, बॅलेचा पिरुएट, म्हणजे एका पायावरची गिरकी, चवड्यावर होतो. त्यांचा वेग आणि नजर अप्रतिम, पण भार पुढे आणायला वेळ लागतो. फुगडीतल्या बायकांकडे जे आहे ते कुणालाच शिकवता येत नाही. दुसऱ्याच्या वजनावर विश्वास टाकून मागे झुकणे त्यांना जन्मापासून येते, आणि 'फू'चा श्वास पोटातून येतो. जोडीच्या नाचात त्या सगळ्यांच्या पुढे होत्या.

रोज पाऊण तास बारचे, म्हणजे आधाराची आडवी दांडी धरून करायचे, काम चुकवू नका: प्लिए, तांद्यू (पाय जमिनीवरून सरकवत ताणणे), रेलेव्हे (चवड्यांवर उठणे), मग पाय उचलण्याचे प्रकार. पाय बाहेर वळवायचे ते मांडीच्या सांध्यातून, आणि तो सांधा जेवढे देतो तेवढेच. पावले एका रेषेत दिसावीत म्हणून गुडघ्यातून पीळ देणारी मुलगी दिसली की तिथेच थांबवा. ताण देऊन स्थिर बसण्याचे व्यायाम तालमीनंतर ठेवा, आधी हालचालीने अंग तापवा.

पॉइंट शूजबद्दल, म्हणजे बोटांच्या टोकांवर उभे राहण्याच्या कडक बुटांबद्दल, मला दर वर्षी विचारतात. माझे उत्तर एकच: ज्या मुलीने मऊ चपलेत अनेक वर्षे काम केलेले नाही, जिचा घोटा आणि पोटाचे स्नायू तयार नाहीत, तिला ते घालू देऊ नका. समकालीन बॅले अनवाणी, मोजे घालून किंवा मऊ चपलेत उत्तम होतो. ज्यांना ते जमते त्यांनी आपल्याकडचा दमटपणा लक्षात घ्यावा. त्या बुटाचे टोक कापड आणि खळ यांचे थर देऊन घट्ट केलेले असते, पावसाळी हवेत ते लवकर नरम पडते. घाम वाळू द्या, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, दोन जोड आलटून-पालटून वापरा.

संख्या विषम ठेवली तर रचनेला बळ येते, असा माझा अनुभव. आम्ही सात जण होतो: जोड्या लावल्या की एक जण उरतो, आणि विस्थापनाच्या विषयात तो उरलेला माणूस आपोआप बोलू लागतो.

पंचांग आणि कॅलेंडर दोन्ही पाहा

माझ्या हिशेबाने गटाच्या रचनेचे एक मिनिट पक्के व्हायला पाच तास लागतात. चाळीस मिनिटांना दोनशे तास झाले. आठवड्याला चार दिवस, रोज अडीच तास धरले तर वीस आठवडे, आणि सुट्ट्या, आजारपण, परीक्षा मिळून पाच-सहा आठवडे वर.

आता हे गोव्याच्या वर्षात बसवा. अर्ध्या तरुण नर्तकांची नोकरी हॉटेलात किंवा पर्यटनाशी जोडलेली असते. ऑक्टोबर ते मार्च त्यांना उसंत नसते. म्हणून पावसाळा हाच तालमीचा हंगाम. जूनमध्ये सुरुवात करा. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, मात्र कुणी येणार नाही आणि येऊही नये, दहा दिवस सरळ सुटी लिहून टाका. नोव्हेंबरात इफ्फी या चित्रपट महोत्सवामुळे आणि डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सवामुळे पणजीतली सभागृहे, प्रकाशयोजनेची सामग्री आणि तंत्रज्ञ सगळेच गुंतलेले असतात. पौष-माघात गावोगावच्या जत्रा, त्यांतली नाटके, आणि आपल्या गटातले निम्मे लोक कुठल्या ना कुठल्या जत्रेतल्या नाटकात काम करत असतात. पुढे कार्निव्हल, मग शिगमो, म्हणजे गोव्यातला होळीचा सण. आम्ही नोव्हेंबरअखेर रचना पूर्ण केली, डिसेंबर दुरुस्तीला ठेवला आणि जानेवारीत आठवड्याच्या मधल्या वारी प्रयोग लावला, कारण हॉटेलातल्या मुलांना शनिवार-रविवार सुटी मागणे अशक्य. सभागृह जूनमध्येच आरक्षित करा.

जमीन

इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण घोटे आणि नडग्या मोडतात त्या इथेच.

गोव्यातल्या बहुतेक तालमीच्या जागांत लादी असते, नाहीतर काँक्रीट. त्यावर उड्या मारल्या की दोन-तीन आठवड्यांत नडगीच्या पुढच्या बाजूला दुखू लागते. मुली ते अंगावर काढतात. जागा आधी पारखून घ्या: अनवाणी उभे राहून सोळा लहान उड्या मारा आणि कान द्या. 'धप' असा भरीव, मऊ आवाज आला तर जमीन थोडी दबते आहे. 'ठक' आला आणि टाळूपर्यंत झिणझिणले तर तिथे उड्यांची तालीम घेऊ नका.

तरंगता तळ स्वतः करता येतो, गावातला सुतार दोन-तीन दिवसांत करून देतो. खाली रबराचे तुकडे ठराविक अंतरावर, त्यावर लाकडी पट्ट्यांची उभी-आडवी दोन थरांची जाळी, जेणेकरून प्रत्येक पट्टी दोन आधारांच्या मध्ये लवचीक राहील, वर अठरा मिलिमीटरचे पाणी न शोषणारे प्लाय आणि सर्वांत वर नाचासाठीचे विनाइल. भिंतीलगत बोटभर फट सोडा. प्लाय पावसात फुगते आणि फट नसेल तर मध्ये उचलले जाते. पट्ट्यांना वाळवीचे औषध आधीच लावून घ्या. वर्षभराने लावणारे पस्तावतात.

विनाइल खिळ्याने ठोकू नका. गुंडाळी उलगडून एक दिवस तशीच पडू द्या, म्हणजे ती सैल होते, मग सांध्यांवर चिकटपट्टी लावा. फिनेल, साबण, तेलकट पुसणे यांतले काही वापरू नका. ओलसर पिळलेल्या फडक्याने पुसायचे आणि पंखा लावून सुकवायचे. जुलै-ऑगस्टात त्याखाली ओल धरते, कुबट वास येतो. आठवड्यातून एकदा कडा उचलून हवा लागू द्या.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. एका सभागृहात आम्ही प्रयोगाच्या दिवशी सकाळीच पहिल्यांदा रंगमंच पाहिला. वरून झाडून स्वच्छ केलेला होता. संध्याकाळी लोळण्याच्या जागी एका मुलीच्या खांद्याला फळीतून वर आलेल्या खिळ्याचे टोक लागले. ती थांबली नाही. विंगेत आली तेव्हा पांढरा कपडा लाल झाला होता. तेव्हापासून मी आदल्या दिवशी जाते, गुडघ्यावर बसून तळहाताने सबंध रंगमंच चाचपते, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे, ओळीने. तासभर लागतो. हे काम दुसऱ्यावर सोपवत नाही.

रचना: एका वाक्यापासून

क्रियापदांच्या यादीतून रोज एक घ्या आणि नर्तकांना नेमके काम द्या. 'रुतणे करून दाखवा' म्हटले तर सगळे अभिनय करतील. त्याऐवजी म्हणा, 'तुझा पाय जमिनीतून निघायला चार मात्रा लागतात आणि टाच आधी निघते.' नियम जितका काटेकोर, तितके त्यातून न पाहिलेले निघते. चांगले निघाले की लगेच मोबाइलवर चित्रित करा, दहा मिनिटांनी ते कुणालाच आठवत नाही.

आमचे मूळ वाक्य आठ मात्रांचे होते. एक-दोन: पाय समांतर, गुडघे वाकतात, भार टाचांत. तीन: उजवा तळवा टाचेकडून बोटांकडे सोलल्यासारखा सुटतो. चार: पाय घोट्याच्या उंचीवर अधांतरी, श्वास थांबलेला. पाच: तोल पुढे सोडून दिला. सहा: डावा हात जमिनीवर आणि शरीर खोल वाकून सावरलेले. सात-आठ: तळहात माती ओढल्यासारखा मागे येतो आणि त्याच ओढीने शरीर वळून उभे राहते. बघायला अगदी साधे. पण हेच बत्तीस मात्रांत संथ केले तेव्हा गाळातून चालणे दिसले. उलट्या क्रमाने केले तेव्हा बुडणे. दोघांनी दोन मात्रांच्या अंतराने केले तेव्हा आई आणि तिच्यामागून जाणारे पोर दिसू लागले, कुणी तसे सांगितलेले नसताना. एक वाक्य पुरते पिळून काढल्याशिवाय दुसऱ्याला हात घालू नका. नवशिक्यांच्या बॅलेत हालचाली फार असतात आणि वाक्य एकही लक्षात राहत नाही.

सबंध चाळीस मिनिटांचा सांगाडा मात्र मला गोफात सापडला. शिगम्यात गोफ खेळताना मधोमध टांगलेल्या रंगीत दोऱ्या नाचणाऱ्यांच्या हातांत असतात. एकमेकांच्या आत-बाहेर जात वेणी विणली जाते आणि मग तीच पावले उलटी टाकून ती सोडवतात. एक जरी चुकला तरी गाठ पडते आणि सगळ्यांना दिसते. आम्ही पहिल्या अर्ध्या भागात सात वाटा विणल्या, पाणी वर आल्यावर त्याच वाटा उलट्या सोडवल्या. दोऱ्या नव्हत्या, पण जमिनीवर प्रत्येकाची वाट वेगळ्या रंगाच्या खडूने आखून महिनाभर तालीम केली आणि मग खडू पुसला. आजीने मोजलेली पावले या वाटांतलीच एक झाली.

उचलण्याच्या जागा शेवटी बसवा. वर जाणारा स्वतः प्लिएतून उसळतो, खालचा फक्त त्याच क्षणी ती उसळी पुढे नेतो; हाताच्या ताकदीवर उचलले की कंबर जाते. उचलणाऱ्याचे गुडघे वाकलेले, पाठ सरळ, वजन स्वतःच्या अंगाजवळ. सुरुवातीच्या तालमींत दोन्ही बाजूंना एकेक माणूस उभा ठेवा. दोघांपैकी कुणीही 'आज नको' म्हणाले तर त्या दिवशी ती जागा वगळायची. कारण विचारायचे नाही.

संगीत

तयार गाण्यांवर बॅले बसवणे सोपे, पण हक्कांचा प्रश्न येतो. आपल्याकडे संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या रचनेवर हक्क असतो, आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो, तो प्रसिद्धीपासून साठ वर्षे. म्हणजे रचना कितीही जुनी असली तरी तिचे नवे ध्वनिमुद्रण विचारल्याशिवाय वापरता येत नाही. तिकीट लावून प्रयोग करणार असाल तर परवाने लेखी घ्या.

मी म्हणेन, गावातल्या वादकाला बरोबर घेऊन नवे करा. आम्ही घुमट (तोंडावर कातडे चढवलेले मातीचे वाद्य), शामेळ (काठ्यांनी वाजवायचे तालवाद्य) आणि कांसाळे (झांजा) घेतले. घुमटाला २०१९ मध्ये गोव्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता मिळाली. पूर्वी त्यावर घोरपडीचे कातडे चढवत, आता वन्यजीव कायद्यामुळे बकऱ्याचे वापरतात. दमट हवेत कातडे सैल होते आणि नाद बसतो, म्हणून प्रयोगाआधी ते शेकावे लागते. त्यासाठी सुरक्षित जागा सभागृहाच्या व्यवस्थापकाला आधीच विचारून ठरवा. बॅलेवाले आठ मोजतात, घुमटवाला आवर्तनात विचार करतो. पहिल्या पंधरा दिवसांत दोघांची भांडणे होतील. माझा उपाय असा: नर्तकांनी महिनाभर वादकासमोर बसून फक्त टाळी देत ऐकायचे. मग मोजणे आपोआप सुटते. आणि बॅलेत निदान दोन ठिकाणी पूर्ण शांतता ठेवा. कुर्डीत पावले मोजण्याच्या जागी एकही वाद्य नव्हते, फक्त तळव्यांचा आवाज.

कपडे आणि पाणी

कपडे तालमीच्या शेवटच्या महिन्यात हातात हवेत. पदर कुठे अडकतो, बाहीने पकड सुटते का, घामाने कापड पायाला चिकटते का, हे आरशासमोर उभे राहून कळत नाही. आम्ही कुणबी साडीच्या लाल चौकड्यांचे सुती कापड घेतले आणि खांद्यावरची गाठ तेवढी ठेवली. घोळ गुडघ्यापर्यंत आणला.

आता पाणी. कृपा करून निळे कापड दोन्ही विंगांतून हलवू नका. मी ते इतक्यांदा पाहिले आहे की आता त्यात पाणी दिसत नाही, कापडच दिसते. आम्ही पाणी उजेडाने केले. नाचाला समोरच्या उजेडापेक्षा बाजूचा उजेड महत्त्वाचा. तो शरीराच्या कडा कोरतो. दोन्ही विंगांत उभ्या खांबांवर तीन उंचींवर दिवे लावले: जमिनीपासून फूटभर, कंबरेच्या उंचीवर आणि डोक्याच्या वर. सुरुवातीला तिन्ही चालू. मग दहा मिनिटांत खालचे दिवे इतके हळू विझवत नेले की मंद होताना कुणाला कळले नाही. पावले काळोखात गेली. नंतर कंबरेचे. शेवटी नुसती डोकी आणि वर उचललेले हात उजेडात, आणि ती डोकी चालत होती. मागे बसलेल्या एका काकांनी प्रयोगानंतर विचारले, 'पाणी कुठून सोडले?'

ही युक्ती वापरायची तर खालच्या दिव्यांना अडखळून कुणी पडू नये म्हणून प्रत्येक खांबाला पांढरी पट्टी लावा आणि नर्तकांना विंगेत येण्या-जाण्याच्या वाटा अंधारात चालायला लावून पाठ करून घ्या.

सभागृहात

चार्ल्स कोरिआंनी आखलेल्या कला अकादमीतले दीनानाथ मंगेशकर कला मंदिर सगळ्यांना हवे असते. पण पहिल्या प्रयोगाला मडगाव, कुडचडे, साखळी इथली रवींद्र भवने किंवा फोंड्याचे राजीव गांधी कला मंदिर यांचाही विचार करा. प्रेक्षक घराजवळ येतो. कुठलेही घ्या, आधी टेप घेऊन जा. विंगांसह रुंदी, खोली, पडद्याची रेषा, विंगेतली मोकळी जागा आणि दिवे टांगायच्या दांड्यांची उंची मोजा. मग तेवढाच आयत तालमीच्या जमिनीवर चिकटपट्टीने आखून महिनाभर त्यातच नाचा. मध्यरेषा आणि पाव-पाव अंतरावरच्या खुणा दोन्ही ठिकाणी सारख्या ठेवा. उघड्यावर प्रयोग असेल तर रात्री दहानंतर ध्वनिवर्धकावर बंदी असते हे ध्यानात ठेवून सातलाच सुरू करा.

दोन दिवस मिळवायचा हट्ट धरा. पहिल्या दिवशी जमीन चाचपणे, विनाइल पसरणे, दिवे टांगणे आणि रोखणे. संध्याकाळी नर्तकांशिवाय सूचना-तालीम: प्रकाशाचा प्रत्येक बदल क्रमांकाने, कोणत्या हालचालीवर तो सुरू होतो आणि किती सेकंदांत पूर्ण होतो, हे रंगमंच व्यवस्थापकाच्या वहीत. आमच्या वहीतली एक ओळ अशी: 'चौदा. आजी तिसऱ्या पावलावर वळते, टाच टेकली की. खालचे दिवे पूर्ण ते शून्य, सहाशे सेकंद.' 'वळल्यावर' असे मोघम लिहू नका, टाच की मान हे लिहा. सूचना देणारा एकच माणूस असावा आणि त्याने आधी 'स्टँडबाय' म्हणावे, मग 'गो'. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्तक जागांवर चालतात, दुपारी कपड्यांसह संपूर्ण तालीम, मग दोन तास विश्रांती, थोडा भात, आणि प्रयोगाआधी तासभर अंग तापवणे. वातानुकूलित सभागृहात तापलेले अंग दहा मिनिटांत थंड होते. विंगेत लोकरी मोजे आणि शाली ठेवा. वीज गेली तर जनरेटर किती सेकंदांत लागतो ते विचारा. आम्ही नर्तकांना सांगून ठेवले होते: अंधार झाला तर जिथे आहात तिथे खाली बसा, वादक वाजवत राहतील.

पत्रिकेत अर्धे पान मजकूर पुरे. आपला प्रेक्षक नाटकात मुरलेला आहे, शब्दांची वाट पाहतो. म्हणून मध्येच निवेदन घालण्याचा मोह होतो. घालू नका. पहिली पाच मिनिटे तो चुळबुळ करेल. करू द्या.

पैशांचे थोडक्यात: नर्तकांना आणि वादकांना मानधन आधी ठरवून लिहून द्या आणि प्रयोगाच्या रात्रीच द्या. कपड्यांवरचा खर्च कमी करा पण जमिनीवरचा करू नका.

प्रयोगाचे चित्रण एक कॅमेरा मागे, मध्यावर स्थिर ठेवून करा, सबंध रंगमंच दिसेल असे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात नृत्यरचना नाट्यकृतीत धरली जाते, पण ती लिहून किंवा अन्य प्रकारे नोंदवलेली असली तरच. चित्रण, वाटांचे आराखडे आणि सूचनांची वही, तिन्ही एकत्र जपा.

पडदा पडल्यावर गर्दी भेटायला येते, हार-फुले होतात. नर्तकांना तेवढ्यात बसू देऊ नका, आधी पंधरा मिनिटे पाय सैल करून घ्या, दुखरे घोटे बघा, बर्फाची पिशवी तयार ठेवा. मग सगळ्यांनी मिळून चिकटपट्ट्या हळू काढायच्या, विनाइल कोरड्या फडक्याने पुसायचे आणि जाड नळकांड्यावर गुंडाळायचे; घडी घातली तर वळ कायमचा राहतो. रात्री फोंड्याला पोहोचल्यावर आम्ही ते पुन्हा उलगडून पंख्याखाली पसरले, कारण सात जणांचा घाम त्यात होता. सकाळी जो पहिला आला त्याने चपला बाहेर काढल्या आणि कडा तपासल्या.